फ्रिजमधले दोनशे बारा नमुने

दोनशे बारावी काच मायक्रोस्कोपखालून निघाली, तेव्हा भिंगताईंनी ती जंतुनाशकाच्या बादलीत टाकली नाही, आपटली.

"नाही," त्या बादलीला म्हणाल्या. "आजही नाही."

आता प्रयोगशाळेत रोगजंतू सापडला नाही म्हणून कुणी हळहळावं, हे ऐकणाऱ्याला विचित्रच वाटेल. पण बाईंचं दुखणं नीट समजून घ्या. बायकांच्या त्या दवाखान्यात तीन महिने एक पाहणी चालली होती. तपासायला आलेल्या प्रत्येक बाईचा स्राव कापसाच्या काडीवर घ्यायचा, काडी मिठाच्या पाण्याच्या नळीत बुडवायची, नळी खाली प्रयोगशाळेत धाडायची, आणि भिंगताईंनी त्यातला थेंब काचेवर घेऊन बघायचं की ट्रायकोमोनास नावाचा जीव त्यात आहे का. एकाच पेशीचा जीव तो. शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुरुषाला बहुधा पत्ताही लागू देत नाही. बायकांतही कित्येकींच्या अंगात नुसता मुक्काम ठोकून असतो, आणि एखादीला मात्र खाज, आग, दुर्गंधी यांनी जीव नकोसा करून सोडतो. औषध साधं, आठवडाभराच्या गोळ्यांचं. फक्त आधी तो सापडला पाहिजे.

शंभरात चार-पाच जणींत तरी सापडावा, असा भिंगताईंचा अंदाज होता. सापडला होता तो दोनशे बारांत दोघींत.

दवाखान्याचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते या आकड्यावर भलतेच खूश होते. त्या सोमवारी ते स्वतः प्रयोगशाळेत डोकावले.

"एक टक्कासुद्धा नाही, ताई! आपल्याकडच्या बायका स्वच्छ आहेत."

"सर, याचा स्वच्छतेशी संबंध नसतो."

"तेच म्हणतोय मी. शुक्रवारी अहवाल मुख्यालयात गेला की ही तपासणी बंद. त्या गोळ्याही यादीतून काढून टाकू. उगाच कपाटात जागा अडवतात."

समोरच्याचं काहीही न ऐकता 'तेच म्हणतोय मी' म्हणायची सरांना देवाची देणगीच होती. ते गेल्यावर भिंगताईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, परत चष्मा चढवला. तेवीस वर्षं त्या नळकांड्यातून बघत आल्या होत्या. त्यावरूनच त्यांना दवाखान्याने भिंगताई हे नाव ठेवलं आणि घरानेही ते उचललं. त्यांच्या नजरेतून सुई सुटत नाही, असं सगळे म्हणत. सुई सुटत नाही हे त्यांनाही मान्य होतं. म्हणून तर डोकं उठलं होतं.

आणि घरी गेल्यावर ते आणखी उठलं.

घरात सासूबाई, धाकटा दीर आणि त्याची बायको, म्हणजे भिंगताईंची धाकटी जाऊ. भिंगताईंचे यजमान दुसऱ्या गावी नोकरीला. महिन्याने एकदा उगवत. धाकटी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन दिवसभर चाललेलं असे. 'असे' म्हणायचं, कारण गेल्या आठ महिन्यांत ते अडखळत चाललं होतं. तिला बसवतच नव्हतं. खाज, जळजळ आणि वास. दिवसातून तीनदा अंघोळ करूनही वास. आधी ती लाजली, मग रडली, मग भिंगताईंच्याच दवाखान्यात गेली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही कागदांवर एकच ओळ होती, 'ट्रायकोमोनास आढळले नाहीत', आणि तिन्हींखाली भिंगताईंची सही. डॉक्टरबाईंनी दोनदा भलतीसलती मलमं देऊन पाहिली. गुण शून्य.

त्या संध्याकाळी धाकटा कारखान्यातून आला, हातावरचं वंगण पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी हिच्या वडिलांना फोन केलाय. रविवारी हिला माहेरी सोडून येतो. राहू दे तिथे चार-सहा महिने. डोकं शांत झालं की बघू."

"डोक्याला काय झालंय माझ्या?" धाकटीने विचारलं.

"अगं, तीन-तीन वेळा तपासलं," सासूबाई म्हणाल्या. "तेही घरच्याच माणसाने. आता आणखी कुणी येऊन सांगायला हवं? नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही, कामाला हात लावायचा नाही, आणि विचारलं की म्हणे खाज! हिला कागदावर विश्वास नाही, जावेवर नाही, कुणावरच नाही."

जेवणं उरकल्यावर दोघी जावा भांडी घासायला उभ्या राहिल्या, तेव्हा नळ मोठा सोडून तिने हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. माणसाला नसलेली खाज सुटते का हो?"

भिंगताई दिवसभराच्या वैतागलेल्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मनाचंही असतं गं कधी कधी."

धाकटीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मनाला वास येतो?"

धाकटी हात पुसून निघून गेली आणि भिंगताई नळाखाली तेच एक पातेलं तीनदा घासत राहिल्या.

मंगळवारी दवाखान्यात पोचल्या पोचल्या त्यांनी पाहणीची वही उघडली. दोनशे बारांपैकी दोघींत सापडला होता. त्या दोघी कोण, कधीच्या? बोट खाली सरकवत गेल्या आणि थबकल्या. दोघी एकाच दिवशीच्या. गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारच्या. आधीच्या दोन महिन्यांत एक नाही, नंतर एक नाही, आणि एकाच सकाळी पाठोपाठ दोन? हे जीव काय तारीख ठरवून आले होते?

त्या गुरुवारी काय घडलं असेल, हे वहीत लिहिलेलं नव्हतं. म्हणून भिंगताई उठल्या आणि जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. पाहणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. तीन महिने नमुने खाली येत होते, त्या वर गेल्या नव्हत्या. त्यांना वाटायचं, वर जाऊन काय बघायचं? बघायचं ते सगळं खालीच येतं.

तपासणीच्या खोलीला लागून छोटी खोली होती. तिथे सिस्टर फ्रिजसमोर उभी होती. इस्त्रीची घडी न मोडलेली, प्रत्येक बाटलीचं तोंड एका दिशेला ठेवणारी बाई. तिने फ्रिज उघडला, नुकतीच भरलेली एक नळी आतल्या ट्रेमध्ये सातव्या भोकात खोचली आणि दार लावून घेतलं.

"हे काय केलंत?" भिंगताईंनी विचारलं.

"नमुना ठेवला."

"फ्रिजमध्ये?"

"मग काय उशाशी घेऊन बसू?"

"अहो सिस्टर, पाहणीचा नमुना? काडीचा? फ्रिजमध्ये? कुणी सांगितलं तुम्हाला?"

सिस्टरने शांतपणे बोट वर केलं. फ्रिजच्या वर भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये मढवलेली सूचना होती. 'सर्व नमुने ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवावेत. एकही अपवाद चालणार नाही. सबब ऐकून घेतली जाणार नाही.' आणि खाली, ठसठशीत अक्षरात, भिंगताईंची सही.

भिंगताईंनी कपाळाला हात लावला. आठवलं. दोन वर्षांपूर्वी लघवीचे नमुने खिडकीत राहून खराब व्हायचे, तेव्हा त्यांनी सगळा मजला डोक्यावर घेतला होता आणि ही पाटी स्वतः चिकटवून गेल्या होत्या.

"ते लघवीसाठी होतं!"

"पाटीवर 'सर्व' आहे," सिस्टर म्हणाली.

"पण मग खाली येतात तेव्हा नळ्या गार कशा लागत नाहीत?"

"ते माझं काम," मागून अभिमानाने आवाज आला. वॉर्डातली मावशी. साठीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार, पण आपल्या युक्तीवर खूश. "गार नळीला घाम सुटतो बाई, चिठ्ठीवरची शाई पसरते. तुम्हीच नव्हता का ओरडला, 'मावशी, हे अक्षर काय माझा आजोबा वाचणार?' तेव्हापासून मी काय करते, ट्रे अर्धा तास खिडकीत उन्हाला ठेवते. खडखडीत वाळवते. मगच खाली आणते."

"आधी गोठवता आणि मग भाजता," भिंगताई पुटपुटल्या. "आणि नळीवरची वेळ? मी रोज बघते, दहा-पंधरा मिनिटांपूर्वीची असते!"

"ती नळी इथून निघाल्याची," सिस्टर म्हणाली. "मावशी जिन्यात रेंगाळतात, अशी तक्रार तुम्हीच केली होतीत. तेव्हापासून मी निघाल्याची वेळ घालते, म्हणजे कळावं."

"रेंगाळते?" मावशी उसळली. "माझे गुडघे घेऊन चढा-उतरा एकदा तीन मजले, मग बोला रेंगाळते म्हणून!"

"मी कुठे म्हणाले, त्या म्हणाल्या."

"तुम्ही लिहिता ना पण!"

"थांबा!" भिंगताई ओरडल्या. "गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारी काय झालं होतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सिस्टरलाच आठवलं. "त्या दिवशी फ्रिज बंद होता. बर्फ साचला होता म्हणून धुवायला काढलेला. मावशी एकेक नळी हातातच घेऊन खाली पळत होत्या."

"दिवसभर," मावशी म्हणाली. "रात्री शेक घ्यावा लागला."

भिंगताई तिथल्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी सांगितलं, ओरडून नाही, अगदी हळू. तो जीव पोहतो. थेंबात गिरक्या घेत, धडपडत फिरतो आणि त्या हालचालीवरूनच ओळखू येतो. काडी घेतल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत पाहिला तर पाहिला. गारठला की आक्रसतो, गोल होतो, गप्प पडतो, आणि मग आजूबाजूच्या पांढऱ्या पेशींसारखाच दिसतो. हजारांच्या गर्दीत एक.

"म्हणजे तो होता," मावशी म्हणाली.

"असेल. किती जणींत, देव जाणे. माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी खाली 'आढळले नाहीत' लिहीत गेले."

"मग बाई, तुम्ही हे आम्हाला आधी सांगायचं होतं," सिस्टर म्हणाली.

"आणि तुम्ही विचारायचं होतं!"

"तुम्हाला?" मावशीने पाटीकडे मान वळवली. "सबब ऐकून घेत नाही म्हणता ना तुम्ही."

देवाने माणसाला राग दिला तो चूक दाखवायला, पण भिंगताईंच्या रागाने उलटंच केलं होतं. त्या जितक्या ओरडल्या, तितक्या चुका शहाण्यासारख्या लपून बसल्या. हे त्यांना तिथल्या तिथे कळलं, आणि कळल्यावर त्यांना आणखी राग आला, या वेळी कुणावर काढावा ते समजेना. त्यांनी उठून पाटी उपटली. प्लॅस्टिक भिंतीचा पोपडा घेऊनच निघालं.

मोठे सर अहवालावर सही करायच्या बेतात होते.

"सर, तो आकडा चुकीचा आहे."

"तेच म्हणतोय मी. एक टक्का नाही, पॉइंट नऊ आहे."

"सर, नमुने फ्रिजमध्ये जात होते. जीव खाली पोचेपर्यंत मरत होते. दोनशे दहा कागद निरर्थक आहेत."

सरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी ऐकलं असावं, कारण चेहरा आंबट झाला. "ताई, हे तुम्हाला, मला आणि वरच्या दोघींना सोडून कुणाला कळणार आहे?"

"दोनशे दहा जणींना. त्यातल्या कित्येकींना रोज कळतं, सर. खाजवताना."

"अहो, हळू बोला."

"माझ्या घरात एक आहे," भिंगताई म्हणाल्या. "माझ्या सहीवर तिला वेडी ठरवून रविवारी घराबाहेर काढतायत. मला उद्याचा दिवस द्या. मायक्रोस्कोप वर नेते, तपासणीच्या खोलीशेजारी."

"नवीन सामान मागू नका, माणूस मागू नका, खोली मागू नका."

"नको. मोरीशेजारचा कट्टा पुरे."

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा धाकटी मशीनवर अर्धवट बसून कुणाच्या तरी झग्याची बाही जोडत होती. भिंगताई दारातच उभ्या राहिल्या आणि काही आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. फ्रिज, ऊन, वेळ, पाटी. धाकटीचा पाय थांबला.

"म्हणजे मला तो आहे?"

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे नाही?"

"तेही माहीत नाही."

"पण कागदावर तर 'आढळले नाहीत' असं लिहिलंत. तीनदा." धाकटीचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "'मला माहीत नाही' असं लिहायला तुमच्या कागदात जागा नव्हती का हो ताई?"

"चुकले मी. उद्या ये. मी वरच बसणार आहे. काडी निघाली की दोन-तीन मिनिटांत बघेन."

"नको. पुन्हा ते टेबल, पुन्हा ती सिस्टर, आणि पुन्हा काही नाही निघालं तर? आता निदान तुमच्यावर ढकलता येतं. उद्या काही नाही निघालं तर मीसुद्धा स्वतःवर विश्वास ठेवणार नाही."

धाकटीने दोरा तोडला, बाही उलटवून टाका पाहिला, परत सुलटवली.

"येईन," ती म्हणाली. "पण भिंगातून आधी मी बघणार. तुम्ही नंतर."

"अगं, तुला काय कळणार त्यात?"

"मग शिकवा."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "आता चौथ्यांदा?"

"नाही आई," भिंगताई म्हणाल्या. "पहिल्यांदाच."

बुधवारी लिफ्ट बंद होती. त्या दवाखान्यात ती चालू असल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. भिंगताईंनी मायक्रोस्कोप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला आणि तीन मजले चढल्या, मागून काचांचा डबा घेऊन मावशी, प्रत्येक पायरीवर देवाचं नाव आणि गुडघ्याला शिव्या असं आलटून पालटून. मोरीशेजारच्या कट्ट्याला पडदा लावला. वीज यायला तार पोचेना, मग सिस्टरने निर्जंतुक करायचं यंत्र हलवलं. स्टूल डगमगत होतं, त्याच्या पायाखाली मावशीने पुठ्ठा सरकवला. आणि काम सुरू झालं. पलीकडे काडी निघायची, सिस्टर पडद्याच्या फटीतून नळी पुढे करायची, "घ्या, ताजी!" असं भाजीवाल्यासारखं म्हणायची, आणि भिंगताई थेंब काचेवर घेऊन वाकायच्या.

पहिलीत नाही. दुसरीत नाही. पाचवीपर्यंत नाही. भिंगताईंच्या कपाळावर घाम आला. देवा, त्या मनात म्हणाल्या, कुणाला आजार दे असं मागणारी बाई मी नाही. देऊच नकोस. पण देऊन बसला असशील, तर निदान दाखव.

सहावीत तो दिसला. पेअरच्या फळाच्या आकाराचा, पुढच्या टोकाला केसांसारखे चाबूक वळवळणारा, पांढऱ्या पेशींना धक्के देत निघालेला. भिंगताईंनी श्वास सोडला आणि पडद्यापलीकडे फक्त एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, या बाईंना थांबवा. गोळ्या लागतील. त्यांच्या नवऱ्यालाही."

धाकटीचा नंबर नववा. तपासून झाल्यावर ती कपडे सारखे करत पडद्याआड आली, तेव्हा काच तयार होती.

"बस. एक डोळा मिटू नको, दोन्ही उघडे ठेव. ते गोल गोल दिसतात ना, स्वस्थ बसलेले? ते सोडून दे. ते आपलेच. जो स्वस्थ बसत नाही, तो सांग."

धाकटी वाकली. सुईत दोरा ओवणारे डोळे. त्यांना वेळ लागला नाही, पण भिंगताईंना ते अर्धं मिनिट अख्ख्या आठ महिन्यांएवढं वाटलं.

"ताई," धाकटी म्हणाली. "एक आहे. दोऱ्याची बॉबिन सुटल्यावर कशी गरगरत जाते, तसा चाललाय."

"बघू."

"थांबा! दुसरा आहे. हा तिसरा. अहो, हे किती आहेत!" तिने नळकांड्यावरचं डोकं काढलं नाही. हसली की हुंदका दिला, कळलं नाही, आणि मग दात ओठ खात काचेलाच म्हणाली, "मेल्यांनो! आठ महिने माझ्याच अंगात राहिलात आणि मलाच खोटी पाडलीत!"

"उठ आता, मला सही करायला बघावं लागेल."

"बघते आहे मी. तुम्ही तीनदा बघितलंत."

"बाई!" पडद्यातून सिस्टरचा वैतागलेला हात आला. "दहावीची नळी धरून उभी आहे मी. तीन मिनिटं झाली! गार पडली तर परत माझ्या नावाने बोंब!"

कशीबशी धाकटी उठली. भिंगताईंनी पाहिलं. होते, आंधळ्यालाही दिसावेत इतके होते. त्यांनी लिहिलं, सही केली. धाकटीने कागद घेतला, दोनदा वाचला, आणि मग तो प्रश्न विचारला जो भिंगताईंना सकाळपासून दिसत होता.

"हा माझ्यात आला कुठून?"

"ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं गं. एखाद्याच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. त्याच्या असेल, तुझ्या असेल, लग्नाआधीपासूनचा असेल. भिंगातून ते दिसत नाही. आणि जे मला दिसत नाही, त्याखाली मी आता सही करणार नाही."

धाकटीने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "हे तीन महिन्यांपूर्वी शिकला असतात तर बरं झालं असतं."

दिवसअखेर बावीस जणींत तीन निघाल्या. मोठे सर वर आले, कागद बघून भिंतीला टेकले.

"बावीसांत तीन? म्हणजे सगळ्यांना परत बोलवायचं?"

"दोनशे दहांना."

"ताई, त्या विचारतील, मागच्या वेळी काही नाही म्हणालात, आता काय झालं?"

"सांगा, प्रयोगशाळेची चूक झाली. नाव माझं सांगा."

सरांनी अहवाल घडी करून खिशात घातला आणि या वेळी 'तेच म्हणतोय मी' म्हणाले नाहीत. सिस्टरने फोन नंबरांची वही काढली. मावशीने विचारलं, की एवढ्या बायका परत येणार तर लिफ्ट कुणी दुरुस्त करणार आहे का.

घरी मात्र भिंगताईंनी तोंड उघडलं नाही. धाकटीने तसं आधीच बजावलं होतं. चौघं जेवायला बसायच्या आधी तिनेच गोळ्यांच्या दोन पुड्या टेबलावर ठेवल्या.

"ही माझी, सात दिवसांची. ही तुमची. एकदम घ्यायची आहे, एकाच वेळी सगळी."

"माझी?" धाकट्याने पुडी उलटीपालटी केली. "मला कशाला? मला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालेलं नाही, असं तीन कागद सांगत होते."

"वहिनी, ही काय म्हणते?"

"खरं म्हणते," भिंगताई म्हणाल्या. "सापडलाय. मी पाहिला. माझे आधीचे तिन्ही कागद चुकीचे होते. आई, तुम्हीही ऐका. हिला पहिल्या दिवसापासून त्रास होता, आणि चूक माझी होती."

सासूबाईंचा हात ताटाच्या कडेवर तसाच राहिला. "म्हणजे होतं खरंच?"

"वळवळत होतं," धाकटी म्हणाली. "मी स्वतः पाहिलं."

"मग वहिनी, मलाही तपासा आधी," धाकटा म्हणाला. "उगाच कशाला गोळ्या खायच्या?"

"पुरुषांत तो शोधायला फार अवघड जातं. तुला नाही दिली तर ही बरी होईल आणि महिन्याभरात परत तिथेच येईल. म्हणून दोघांना."

"म्हणजे न तपासताच?"

"मी तपासून तपासून आठ महिने भोगलं," धाकटी म्हणाली. "तुम्ही न तपासता एक संध्याकाळ भोगा."

धाकट्याने आईकडे पाहिलं. सासूबाई उठल्या. आता त्या काय बोलतात म्हणून तिघंही बघत राहिले. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पेला काठोकाठ भरला आणि मुलाच्या पुढ्यात ठेवला.

"जेवण झाल्यावर घे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पोटी मळमळेल."

जेवण झालं. मग धाकट्याने एकेक करून सगळ्या गोळ्या गिळल्या, प्रत्येकीनंतर तोंड असं केलं की जणू कुणी त्याला नाणं चाटायला लावलंय. तीन बायका त्याच्याकडे बघत होत्या. शेवटची गेली, पेला रिकामा झाला.

"झालं समाधान?" त्याने ओठ पुसत विचारलं. "मग रविवारचं काय? मी गाडी सांगून ठेवलीय."

"रद्द करू नका," धाकटी म्हणाली. "तुम्ही जा."

"मी? कुठे?"

"माझ्या माहेरी. तुम्ही फोन करून सांगितलंत ना बाबांना, की तुमच्या मुलीचं डोकं फिरलंय? आता समोर बसून सांगा, की नव्हतं फिरलं. आणि राहून या आठवडाभर. माझ्या गोळ्या संपेपर्यंत तुमचं इथे तसंही काही काम नाही."

भिंगताईंना हसू आवरेना. त्यांनी ताटं गोळा करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"आई, बघ ही काय बोलते!"

"ऐकतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "पहाटे लवकर नीघ. तिचे बाबा रविवारीही सकाळीच कामावर जातात."